मिलिमीटरांची अचूक पेटी

मिलिमीटरांनी पेटी उत्तम केली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांच्या बाजूनं बोलायला फारशी जागा मिळणार नाही. अक्रोडाचं लाकूड. कोपऱ्यांना खिळा नाही की स्क्रू नाही. एका फळीचे दात दुसऱ्या फळीत असे बसवलेले की नखानं चाचपलं तरी सांधा लागू नये. आत गडद हिरवी मखमल. झाकण वर धरून सोडलं तर ते आपटायचं नाही, आतल्या हवेवर तरंगत सावकाश खाली यायचं आणि बसताना ‘हुश्श’ करायचं. हे हुश्श ऐकायला इमारतीतली माणसं काहीतरी निमित्त काढून वर यायची. तर पेटीत खोट नव्हती. खोट एवढीच, की जे ठेवायला ती केली होती ते तिच्यात बसत नव्हतं.

मिलिमीटर हे अर्थात टोपणनाव. ते कारखान्याच्या तपासणी खात्यात होते आणि कामगारांनी ते नाव काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. आलेला नग व्हर्नियरच्या, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणाऱ्या मोजपट्टीच्या, चिमट्यात धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि ‘नापास’ म्हणायचं, हे त्यांचं काम. ‘पास’ असं ते कधीच म्हणत नसत. नग बरोबर निघाला तर मुकाट्यानं पलीकडच्या ट्रेमध्ये सरकवायचे. जे बरोबरच आहे त्याबद्दल बोलायचं काय, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात हे खपून गेलं. पण व्हर्नियर संध्याकाळी त्यांच्या खिशातून घरी यायचा. बायकोनं कापलेल्या काकडीच्या चकत्या, मुलीचं अक्षर, मुलीचे मार्क, मुलीनं पकडलेली नोकरी, सगळं डोळा बारीक करून बघून झालं. बायको केव्हाच निर्ढावली. मुलगी मात्र नोकरी लागल्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेऊन राहायला गेली. ऑफिस जवळ पडतं, असं तिनं कारण दिलं. मिलिमीटरांनी नकाशा काढून जवळ पडत नाही हे तिला सिद्ध करून दाखवलं. तरीही ती गेली.

मुलीला एक नाद होता. पत्त्यांचा. पण आपले नेहमीचे राजा-राणीचे पत्ते नव्हेत. रंगीत चित्रांची कार्डं, कुणावर राक्षस, कुणावर चेटकीण, कुणावर नुसतंच पेटलेलं झाड. जो तो दुकानातून पाकिटं विकत घेतो, एकमेकांशी अदलाबदल करतो, आपापली गड्डी रचतो आणि रविवारी क्लबात बसून दुसऱ्याच्या गड्डीशी झुंजवतो. त्यांच्या क्लबात डॉक्टर होते, वकील होते, एक चांगले पोक्त शाळामास्तर होते. मिलिमीटरांच्या लेखी सगळे रिकामटेकडे. “कमावती मुलगी चेटकिणींचे पत्ते कुटत बसते,” हे वाक्य त्यांनी फोनवर इतक्या वेळा म्हटलं होतं, की मुलगी ते यायच्या आधीच ‘ठेवते हं’ म्हणायला शिकली होती.

मग मिलिमीटर निवृत्त झाले. घरात नापास करण्याजोगं नवीन काही उरलं नाही, आणि त्यांना एकाएकी जाणवलं की मुलीशी शेवटचं धड बोलणं कधी झालं ते आठवत नाही. आता दुसरा कुणी बाप असता तर सरळ फोन करून ‘ये गं एकदा’ म्हणाला असता. मिलिमीटरांना तसं बोलायची सवय नव्हती. तिच्या जुन्या टेबलाच्या खणात चुकून राहिलेलं एक कार्ड त्यांना सापडलं. त्यांनी ते व्हर्नियरमध्ये धरलं, माप घेतलं आणि मागच्या बाल्कनीत करवत चालवायला सुरुवात केली.

पेटी तयार झाल्यावर मुलगी घरी आली तेव्हा तिनं ती आधी चारी बाजूंनी फिरवून बघितली. मग तिनं झाकण उघडलं, सोडलं, हुश्श ऐकलं आणि खरोखर मनापासून हसली.

“बाबा, हे तुम्ही माझ्या कार्डांसाठी केलंत?”

“मग काय काकडी ठेवायला? तुझा तो खेळ... बरा असेल. हुशार माणसं खेळतात म्हणे.”

बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्या खेळाबद्दल हे पहिलं चांगलं वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं होतं. मुलीनं पेटीच्या आत बोट फिरवलं, रुंदीच्या बाजूनं पुन्हा एकदा फिरवलं.

“बाबा, फक्त एक, मापाचं जरा...”

“मापाचं मला सांगतेस?” मिलिमीटर खुशीत होते, त्यामुळं ओरडले नाहीत, नुसते हसले. “पत्ता आत उभा राहिला की आजूबाजूला केस जायचा नाही. घालून बघ घरी गेल्यावर!”

मुलगी पेटी उराशी धरून घरी गेली.

इथंच सगळं संपलं असतं तर एक बाप, एक मुलगी आणि एक पेटी एवढीच गोष्ट झाली असती आणि मला सांगायचं कारण पडलं नसतं. पण तिच्या क्लबातल्या शाळामास्तरांना ती पेटी तिच्या फळीवर दिसली. बंद पेटी. त्यांनी तिचा फोटो काढून सगळीकडे पाठवला आणि मुलीला म्हणाले, तुझे वडील अशा आणखी करतील तर आम्ही पैसे आधी देऊ. आधी पैसे देऊन वस्तू करवून घ्यायची, याला क्राउडफंडिंग म्हणतात म्हणे.

“म्हणजे वर्गणी,” बायको म्हणाली.

“वर्गणी नव्हे. लोक पैसे टाकतात आणि वस्तू झाल्यावर त्यांना वस्तू मिळते.”

“मग उसने.”

“उसनेही नव्हेत! तू समजून घे. लोक माझ्या कामावर विश्वास टाकतायत.”

“ते तुम्हाला ओळखत नाहीत म्हणून,” बायको म्हणाली आणि शेंगा सोलायला बसली.

तोवर समोरच्या दारातून मार्गदर्शक आत आलेच होते. हे शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना येत नाही असा विषय अजून सापडायचा होता. इमारतीत कुणाचं ऑपरेशन असो की घटस्फोट, मार्गदर्शक चप्पल घालून तयार.

“एक लक्षात ठेवा,” ते खुर्ची ओढत म्हणाले, “पेटी कुणी घेत नाही. लोक गोष्ट घेतात. ‘प्रीमियम’ लिहायचं, ‘हस्तनिर्मित’ लिहायचं आणि तीन पिढ्यांची परंपरा टाकायची.”

“माझे वडील कारकून होते.”

“आजोबा?”

“तेही कारकूनच.”

“झाल्या की तीन पिढ्या! कागद लाकडापासूनच होतो ना?”

मग एक फिल्म काढायची ठरली. मार्गदर्शकांनी मोबाइल धरला आणि मिलिमीटरांना बायकोचा ॲप्रन बांधायला लावला, कारण कारागिराला ॲप्रन हवाच. ॲप्रनवर चेरी होत्या. फिल्मभर मिलिमीटर एक डोळा बारीक करून पेटीकडे असे बघत होते की आता बहुतेक तिला अटकच करतील. का कोण जाणे, लोकांना ती फिल्म बेहद्द आवडली. मुलीनं क्लबात शब्द टाकला, क्लबानं दुसऱ्या गावांतल्या क्लबांना कळवलं, आणि पैसे यायला लागले. लोक प्रश्नही विचारायला लागले. प्रश्नांना उत्तरं द्यायचं खातं मार्गदर्शकांनी स्वतःकडे घेतलं. प्रत्येक प्रश्न वाचत बसलं तर दिवस पुरणार नाही म्हणून त्यांनी एकच उत्तर तयार केलं आणि ते सगळ्यांना चिकटवलं : ‘आपल्या आस्थेबद्दल आभार. आमचे संस्थापक आयुष्यभर अचूकतेची उपासना करीत आले आहेत.’ कुणी पॉलिशचं विचारलं, कुणी बिजागरीचं, कुणी आणखी कसलं. सगळ्यांना उपासना मिळाली.

बँकेत वेगळीच तऱ्हा. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर बघत विचारलं, “हे एवढे लोक तुम्हाला पैसे का पाठवतायत?”

“विश्वासानं.”

“विश्वासाला कोड नाही. पगार, भाडं, भेट, कर्ज, इतर. यातलं काय?”

“इतर घाला.”

“इतर घातलं की चौकशी लागते.”

“मग भेट घाला.”

“इतक्या लोकांनी भेट द्यायला तुमचं आहे काय?” बाईंनी काचेतून त्यांना खालीवर न्याहाळलं. आयुष्यभर दुसऱ्यांना न्याहाळलेल्या माणसाला ते जिव्हारी लागलं. शेवटी बाईंनी ‘घरगुती’ असं काहीतरी घातलं आणि पुढच्याला बोलावलं.

एका संध्याकाळी मुलीनं आईकडे एक पुडकं पाठवलं. आत तिची एक अख्खी गड्डी होती. “बाबांना सांग, नवीन पेट्यांचं माप याच्यावरून घ्या. आहे तसंच घ्या, अगदी तसंच्या तसं,” असं तिनं आईला बजावून सांगितलं होतं आणि आईनं ते इमानानं पोचवलं.

“तसंच्या तसं म्हणजे काय?” मिलिमीटर कुरकुरले. “मी काय अंदाजानं घेतो?”

त्यांनी गड्डी दिव्याखाली घेतली. बघतात तो प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घातलेलं. आता तपासणी खात्याचा पहिला नियम असा, की नग वेष्टनातून काढल्याशिवाय त्याला व्हर्नियर लावायचा नाही. वेष्टनासकट माप घेणाऱ्या एका पोराला त्यांनी एकदा अख्ख्या खात्यासमोर रडवलं होतं. त्यांनी शांतपणे बसून एकेक कार्ड पिशवीतून बाहेर काढलं, मऊ फडक्यानं पुसलं, मोजलं. माप पहिल्या पेटीशी तंतोतंत जुळलं. मिलिमीटरांना झालेला आनंद काय वर्णावा! प्लॅस्टिकचा तो ढीग त्यांनी बायकोकडे सरकवला. “टाकून दे.” बायको सहसा काही टाकत नाही. तिनं तो स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिला. गड्डी नमुना म्हणून घरीच राहिली.

मग कारखाना उघडला. आधी हाताखाली एक सुतार घेतला होता. त्यानं फळी रंधली की मिलिमीटर व्हर्नियर लावत, डोळा बारीक करत. दोन दिवस सुतारानं सोसलं. तिसऱ्या दिवशी तो चहा प्यायला गेला तो आलाच नाही, रंधाही मागायला आला नाही. मग सगळं मिलिमीटरांनीच केलं. बाल्कनीत करवत, दिवाणखान्यात पॉलिश, पलंगावर मखमल. भुसा भातात आला, भुसा उशीत आला. बायको शिंकत शिंकत म्हणाली की निवृत्तीनंतर माणसं जग बघायला जातात.

इमारतीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली : ‘राहत्या जागेत कारखाना चालवणाऱ्यांनी कमिटीची परवानगी घ्यावी.’ परवानगी मागायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले, “राहत्या जागेत कारखान्याला परवानगी देताच येत नाही.”

“मग मागायला का सांगितलंत?”

“नाकारायला अर्ज नको का?”

हे प्रकरण कसं मिटलं, तर एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात चौकट आली : ‘निवृत्त अधिकाऱ्याची देशोदेशी जाणारी पेटी.’ मिलिमीटर अधिकारी नव्हते आणि पेटी देशोदेशी जाणार नव्हती, पण चौकटीत इमारतीचं नाव आलं होतं. त्याच सेक्रेटरींनी मग गच्चीवर सत्कार ठेवला. मुलगीही आली होती. जिना चढताना तिनं आईला विचारलं, “बाबांनी गड्डीवरून माप घेतलं ना? तसंच्या तसं?”

“घेतलं बाई. रात्रभर तेच करत होते.”

“हुश्श!” मुलगी म्हणाली, आणि आपण पेटीसारखं बोललो म्हणून दोघी हसल्या.

सत्कारात सेक्रेटरींनी पेटी उघडून दाखवायची होती. हवा त्या दिवशी दमट होती. लाकूड किंचित फुगलं असावं आणि त्या मापात किंचितला सोय नव्हती. सेक्रेटरींनी झाकण ओढलं. मग पेटी गुडघ्यात धरून ओढलं. मग खजिनदारांनी खालची बाजू धरली आणि दोघांनी मिळून ओढलं. लोक उठून बघायला लागले. तेव्हा मार्गदर्शकांनी माइक हिसकावला आणि गरजले, “पाहिलंत? चोराचा बाप आला तरी उघडणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मिलिमीटरांचा चेहरा पडला होता. मुलीनं पुढं होऊन त्यांच्या दंडाला हात लावला. “उन्हात ठेवली की उघडेल, बाबा. छान झालीय.” लहानपणी बोट धरायची त्यानंतर तिनं त्यांना असा हात लावलेला कुणाला आठवत नव्हता. तेवढ्या एका क्षणापुरता, मी म्हणतो, सगळा भुसा वसूल झाला.

पार्सल कचेरीतल्या माणसानं पहिलं पार्सल हातात घेऊन हलवलं.

“आत काय?”

“पेटी.”

“पेटीत काय?”

“काही नाही. रिकामी आहे.”

“रिकामी पेटी पाठवताय?” त्यानं पेन खाली ठेवलं. “कशासाठी?”

“पत्ते ठेवायला.”

“जुगार?”

“जुगार नव्हे! चित्रांचे पत्ते. डॉक्टर, वकील खेळतात.”

“तेच जास्त खेळतात,” तो म्हणाला. “बरं, वस्तू हातानं केलेली की यंत्रानं?”

“हातानं,” मिलिमीटर ताठ होत म्हणाले.

“अरेरे. मग हस्तकलेत जाईल. हस्तकलेला दाखला लागतो.”

“कुणाचा?”

“ते हस्तकलावाले सांगतील.”

“ते कुठं बसतात?”

“ते आम्हाला कसं माहीत असणार?”

शेवटी ज्यांनी आयुष्यात एक रेघ खोटी मारली नाही त्या मिलिमीटरांनी प्रत्येक पार्सलवर ‘यंत्रानं बनवलेली’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. लिहिताना त्यांचे दात आवळलेले होते. पार्सलं गेली.

मग फोटो यायला लागले. मार्गदर्शकांनी पहिला फोटो बघून “वा! पहिली पावती!” म्हणत मोबाइल मिलिमीटरांच्या हातात दिला. फोटोत पेटी होती, उघडी. तिच्या शेजारी कार्डांची गड्डी होती. खाली लिहिलं होतं : ‘पेटी अप्रतिम. कार्डं बाहेर.’ दुसऱ्या फोटोतही तेच. तिसऱ्यात एकानं पेटीत चमचे ठेवले होते आणि बरोबर बसतात असं कळवलं होतं. चौथा शाळामास्तरांचा. त्यांनी फक्त विचारलं होतं, की काही गैरसमज तर झाला नाही ना.

मिलिमीटरांनी पेटीचं माप पुन्हा घेतलं. कार्डाचं माप पुन्हा घेतलं. दोन्ही बरोबर. म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. त्यांनी स्वतः बसून सगळ्यांना उत्तर लिहिलं : ‘आपली कार्डं मापाबाहेर आहेत. ज्या कारखान्यानं ती छापली त्याच्याकडे तक्रार करावी.’

यावर जो हलकल्लोळ झाला तो इथं सांगण्यासारखा नाही. लोक खेळणारे असले तरी लिहिणारेही निघाले. मिलिमीटरांना त्यातलं अर्धं कळलंच नाही. ते ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोला वाचून दाखवत होते, “हे बघ काय लिहितात. ‘बिनकव्हरचं कार्ड कोण ठेवतं?’ कव्हर कसलं? कार्डाला कधी कव्हर असतं?”

बायकोनं हात पुसले, खण उघडला आणि आतून प्लॅस्टिकची एक पातळ पिशवी काढून त्यांच्यासमोर धरली. त्यात तिनं जास्तीची बटणं ठेवली होती.

“ही का हो?”

मिलिमीटरांनी पिशवीकडे पाहिलं. बटणं काढली. मग त्यांनी एक कार्ड घेतलं, पिशवीत सरकवलं, व्हर्नियर लावला. पेटीच्या आत उभं करून बघितलं. ते तिरकं अडकून राहिलं. बोटानं दाबलं. नाही गेलं. कुठलाही खेळाडू आपलं कार्ड उघडं ठेवत नाही, कोपरे झिजतात म्हणून. पहिल्या दिवसापासून ते या पिशवीतच राहतं. हे त्या खेळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिलिमीटर खुर्चीवर बसले ते उठेचनात.

“तसंच्या तसं,” बायको हळूच म्हणाली. “मी सांगितलं होतं तुम्हाला.”

मार्गदर्शकांनी नंतर प्रश्नांचं पान वरून खालपर्यंत वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. अर्ध्याअधिक लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, कव्हरसकट बसतील ना? सगळ्यांना अचूकतेची उपासना चिकटवलेली होती. पण मार्गदर्शक खचणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी तिथल्या तिथं तोडगे सुचवले. ही दागिन्यांची पेटी होती असं जाहीर करा. नाहीतर कव्हर वापरणं आरोग्याला घातक आहे असं कुठल्यातरी डॉक्टरकडून लिहून आणा, क्लबात डॉक्टर आहेतच. नाहीतर सरळ म्हणा की पेटी रिकामी ठेवण्यासाठीच आहे. प्रीमियम वस्तू वापरायच्या नसतातच मुळी.

मिलिमीटरांनी त्यांना दार दाखवलं. खोटं एकदा लिहून झालं होतं, तेवढं पुष्कळ होतं. त्यांनी सगळ्यांना कळवलं, पेटी परत पाठवा, पैसे परत मिळतील. पैसे परत केले, निवृत्तीचे मोडून केले, बायकोला तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून पासबुक टीव्हीवर ठेवलं आणि फिरायला निघून गेले. ती बिचारी त्यावर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पार्सलं परत यायला लागली. घेऊन जायला त्याच कचेरीत जावं लागायचं. तोच माणूस खिडकीत. त्यानं पार्सल हलवलं.

“आत काय?”

“पेटी.”

“पेटीत?”

मिलिमीटरांनी सहीसाठी पेन मागितलं.

“अजून रिकामीच?” तो म्हणाला, आणि यावेळी त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती.

घर पेट्यांनी भरलं. इमारतीत मात्र त्यांना चांगला उठाव मिळाला. सेक्रेटरींनी जिन्याच्या किल्ल्यांना एक नेली, खजिनदारांनी गोळ्यांना, मार्गदर्शकांनी तीन नेल्या आणि कशासाठी ते सांगितलं नाही. सगळे जाताना म्हणायचे, फार सुंदर हो, फार सुंदर. ‘अचूक’ म्हणायचं तेवढं सगळे टाळायचे.

मुलीचा मात्र फोन नव्हता. शेवटी बायकोनंच विषय काढला. “ती आता रविवारी क्लबात जात नाही.”

“का?”

“का म्हणजे? तिच्या शब्दावर दिले होते त्यांनी पैसे. पैसे मिळाले परत, ते काही बोलत नाहीत. पण ती आली की सगळे एकदम गप्प होतात म्हणाली. ते मास्तर तेवढे चहा विचारतात, तो तिला जास्त लागतो. सोडलंन तिनं.”

हा नाद सोड म्हणून मिलिमीटरांनी आरडाओरडा केला होता, अबोला धरला होता, तिच्या मामाला मध्ये घातलं होतं. कशानं काही झालं नव्हतं. आता झालं होतं, आणि अक्रोडाच्या लाकडात, मखमल लावून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शहराच्या त्या टोकाला गेले. मुलीनं दार उघडलं, “या” म्हणाली, पाणी आणलं. खोली नीटनेटकी होती. फळीवर त्यांची पेटी होती. त्यांनी ती न विचारताच खाली काढली. झाकण उघडलं. आत केसांच्या पिना, टीव्हीच्या रिमोटचे मेलेले सेल, एक सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या.

“तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ते म्हणाले.

“पेटीत बोट घातलं तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. मापाचं जरा, एवढंच म्हटलं होतं.” ती समोर बसली. “पुढं बोलायला हवं होतं, खरंय. पण बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, हुशार माणसं खेळतात म्हणे. मला वाटलं, राहू दे. चूक दाखवली की तुम्ही परत पहिल्यासारखे व्हाल. नंतर गड्डी पाठवलीच होती ना तुम्हाला, कव्हरांसकट.”

मिलिमीटरांनी मान खाली घातली. वेष्टनाचा नियम सांगावा असंसुद्धा एकदा जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“कार्डं कशात ठेवतेस मग?”

मुलगी उठली आणि पलंगाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं ओढून काढलं. चपलांचं खोकं. बाजूला अजून चपलेचं चित्र होतं, एक कोपरा फाटून चिकटपट्टी लावलेली. आत कार्डं ओळीनं उभी, कव्हरं घालून, कुठं कोंबलेली नाहीत, कुठं लवंडलेली नाहीत. ती घाईघाईनं म्हणाली, “तात्पुरतं आहे हे. आता तशी लागतही नाहीत.”

मिलिमीटरांचा हात सवयीनं खिशात गेला. व्हर्नियर बाहेर आला. मुलीनं डोळे मिटून घेतले. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. त्यांनी खोक्याची आतली रुंदी घेतली. एक कार्ड, कव्हरसकट, जसंच्या तसं, हलकेच उचलून त्याची घेतली. दोन्हींकडे डोळा बारीक करून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग कार्ड परत त्याच्या जागी ठेवलं.

“पास,” ते म्हणाले.

मुलीनं डोळे उघडले. जन्मापासून तिनं या शब्दाची वाट पाहिली होती, अक्षराला, मार्कांना, नोकरीला. आज तो तिच्या घरी आला होता, चपलांच्या खोक्यासाठी. तिनं खोक्याचं झाकण लावलं आणि ते पायानं परत पलंगाखाली सरकवून दिलं.